सेवा आणि वेठ

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधी शताब्दीच्या वर्षात सुरू झाली. ३७ विद्यापीठं, ४० हजार विद्यार्थी. जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांतली पोरंही सात दिवसांच्या शिबिराला खेड्यात जातात. रस्ते झाडतात, शोषखड्डे खणतात, झाडं लावतात. घाम खरा असतो. त्याला नावं ठेवायची नाहीत.

पण 'सेवा' हा शब्द आपल्याला टोचतो. मनुस्मृतीनं शूद्राला एकच काम नेमून दिलं: वरच्या तीन वर्णांची सेवा. महारकीत आपल्या बापजाद्यांनी गावाचे सांगावे नेले, मेलेली ढोरं ओढली. ते वतन मोडायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल आणलं. वतन गेलं ते १९५८ च्या कायद्यानं.

झाडू एकच. कॉलेजच्या पोरानं सात दिवस धरला तर प्रमाणपत्र, आपल्या मायनं जन्मभर धरला तर जात. फरक कशाचा? झाडू खाली ठेवता येण्याचा. ज्याला 'नाही' म्हणता येतं, त्याचीच ती सेवा. बाकी सगळी वेठ.

मग शिबिराला जायचं का नाही? जायचं. पण एरंडोल, पारोळा करत धुळ्याच्या रस्त्याला लागलात की गावोगाव आधी विचारा: इथली गटार रोज कोण उपसतं? त्याला मजुरी किती? त्याला हे काम सोडता येतं का? १९२७ साली महाडला आपली माणसं तळं साफ करायला गेली नव्हती, पाणी प्यायला गेली होती.

तुम्ही उपसलेली गटार आठ दिवसांत पुन्हा भरेल. त्या माणसाबरोबर ग्रामसभेत उभे राहिलात, तर मागं काही उरेल.