मेढीचा खळगा

नगरजवळ नागापूरच्या पुलाखालून सीना नदी वाहते. तिचं पाणी दक्षिणेला, भीमेकडे निघालंय. जाऊ द्या तिला.

आपण उत्तरेला जाऊ. नेवाशाला, प्रवरेच्या काठी.

नेवासे म्हटलं की पैसाचा खांब आठवतो, ज्ञानेश्वरीचं शके 1212 आठवतं. आज तिकडे वळायचं नाही. आजचा खांब त्याहून फार जुना आहे, आणि तो जागेवर नाही.

बसा. श्वास आत येऊ द्या. सावकाश बाहेर जाऊ द्या.

समोर लाडमोडचं टेकाड आहे. 1954 साली ह. धी. सांकलियांनी इथे उत्खनन सुरू केलं. वरचे थर निघत गेले. खाली, तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या थरात, माणसांची घरं लागली.

घरं, म्हणजे भिंती नव्हेत. छप्पर तर नाहीच.

मातीत एक गोल. आजूबाजूच्या मातीहून वेगळ्या रंगाचा.

त्या गोलाकडे पाहा.

इथे मेढ रोवली होती. ती कुजली. तिच्या खळग्यात दुसरी माती उतरली, पोकळ, भुसभुशीत. लाकूड गेलं. लाकडाची जाडी राहिली.

पाहत राहा. घाई नाही.

आता शेजारचा गोल. त्याच्या पलीकडचा. त्यांची ओळ होते आहे, होऊ द्या.

मेढी उभ्या करा, एकेका श्वासाला एक. मधे कूड. कुडाला मातीचं लिंपण. ओल्या मातीचा वास घ्या. वर गवत. आत अंधार, थोडा गार.

खाली चोपून घट्ट केलेली जमीन. तिच्यावर चुन्याचा हात फिरलेला.

तुम्हीही हात फिरवा. हळू.

तळवा तिथेच ठेवा.

या जमिनीखाली दोन मडकी आहेत. आडवी, तोंडाला तोंड लावलेली. आत लहान मूल आहे. त्या काळातली माणसं आपली गेलेली लेकरं घरातच, पायांखालच्या जमिनीत ठेवत. प्रवरेकाठच्या, घोडनदीकाठच्या वस्त्यांत अशी कितीतरी मडकी सापडली आहेत.

का ठेवत, ते शोधू नका. त्यावर विद्वानांनी लिहिलेलं आहे. मला त्या कारणांपेक्षा रोजचं काम जास्त कळतं: याच जमिनीवर कुणीतरी केर काढला, चूल पेटवली, दुसऱ्या मुलाला जेवू घातलं.

श्वास घ्या.

वर चूल. खाली मूल. मधे वीतभर, हातभर माती.

नदी ऐकू येते का? नाही आली तरी चालेल. उन्हाळ्यात तिला फारसं पाणी नसतं.

मांडी आखडली असेल तर बदला. मग आपल्या घरातल्या जमिनीवर तळवा टेकवा. शहाबादी असो, टाइल असो. जिथे रोज पाय पडतो ती जागा निवडा, आणि मन भरेपर्यंत हात उचलू नका.