हे जॅकेट कुणी शिवलं?

जुनं लेदर जॅकेट कुणी बनवलं, हे शोधायचा मला नाद आहे. अमेरिकी वैमानिकांचं ए-२ जॅकेट घ्या. लष्कराने ते १९३१ साली स्वीकारलं. कॉलरखालच्या लेबलवर कंत्राटाचा क्रमांक आणि कंपनीचं नाव असतं. लेबल गेलं असेल, तर कॉलरचा आकार, खिशाचे फ्लॅप, शिवण पाहून जाणकार कंपनी सांगतात. त्या नावावर किंमत ठरते. छातीवरच्या पट्टीवर घालणाऱ्याचंही नाव सापडतं. शिवणाऱ्याचं मात्र कुठेच नाही.

पण कंत्राट घेणं म्हणजे बनवणं का? टाके कंपनी घालत नाही, माणूस घालतो. तो माणूस आता सापडणार नाही. म्हणून त्याची जागा कंपनीला देऊन टाकायची नाही. ‘कुणी बनवलं?’ याचं उत्तर मी अर्धंच लिहितो, उरलेली ओळ रिकामी सोडतो.