दुसऱ्याच्या वेदनेवर सब्र

सब्र हा शब्द आपल्या घराघरांत इतका रुळला आहे, की तो उच्चारताना त्याचा अर्थ पुन्हा तपासून पाहावा असे सहसा कोणाला वाटत नाही. मलाही वाटत नव्हते.

दोन वर्षांपूर्वी असरच्या नमाजनंतर मार्केट यार्डात हमाली करणारे एक गृहस्थ आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला खांद्यावर घेऊन मशिदीत आले. "मौलाना, याच्या गुडघ्यावर दम करा, पाय टेकवत नाही." गुडघा सुजून गरम झाला होता. मी दुआ पढून फुंकर घातली, पाणी दिले आणि सब्र करण्यास सांगितले. चार दिवसांत गुडघा उतरला, पण घोटा सुजला. तो उतरला, तर दुसरा गुडघा. तीन आठवड्यांत सारे शांत झाले आणि उपाय लागू पडला, असे आम्हा दोघांनाही वाटले. चार महिन्यांनी तेच पुन्हा सुरू झाले. या खेपेस मुलाची आईही दाराशी उभी होती. मी पुन्हा सब्राचे महत्त्व सांगू लागलो, तेव्हा ती म्हणाली, "सब्र मी करीन, मौलाना. पण दुखतंय त्याला."

मदरशात आठ वर्षे काढूनही हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. दुसऱ्याच्या शरीरातील वेदनेवर आपण जो धीर धरतो, त्याला सब्र म्हणता येईल काय?

ह. इब्ने अब्बास (रजि.) यांनी सांगितलेली हदीस वाचकांना ठाऊक असेल. फेपऱ्याने त्रस्त असलेली एक कृष्णवर्णीय स्त्री प्रेषितांकडे (स.) आली. प्रेषितांनी (स.) तिच्यापुढे दोन मार्ग ठेवले : तिने सब्र करावा आणि तिला जन्नत मिळावी, किंवा त्यांनी तिच्या आरोग्यासाठी दुआ करावी. तिने सब्र निवडला. झटका आल्यावर अंगावरचे वस्त्र सरकू नये, एवढीच दुआ मागितली. उपचारांविषयी उदासीन असणारे लोक ही हदीस वारंवार पुढे करतात. मीही जुम्याच्या बयानात ती अनेकदा सांगितली आहे. परंतु तिचा गाभा माझ्या नजरेतून निसटला होता. दुखणे त्या स्त्रीचे होते, आणि निवडही तिचीच होती. तिच्या वतीने तिच्या बापाने किंवा भावाने सब्र निवडला नव्हता. प्रेषितांनीही (स.) तो तिच्यावर लादला नाही.

नऊ वर्षांच्या मुलाला असा पर्याय कोणी देत नाही, आणि दिला तरी त्याच्या होकाराला शरीअतमध्ये वजन नाही. मूल वयात येईपर्यंत त्याच्यावरून कलम उचललेले असते. येथे आणखी एक पेच आहे. आजाऱ्याला आपण सांत्वन देतो, की टोचलेल्या काट्याच्या बदल्यातही मोमिनचे गुनाह झडतात. पण ज्याच्या नावे एकही गुनाह लिहिलेला नाही, त्याच्या सुजलेल्या गुडघ्यापाशी बसून हे सांत्वन कसे द्यायचे? त्याच्या वेदनेचे मोल अल्लाहपाशी निश्चित आहे. ते आपल्याला मोजता येत नाही. आपल्या हाती एवढेच आहे, की तो आपल्या पदरात दिलेली अमानत आहे आणि प्रत्येक राखणदाराला त्याच्या कळपाविषयी विचारले जाणार आहे.

मग सब्र कोठे गेला? त्याचे उत्तर मला सूरह यूसुफमध्ये सापडले. पुत्र हरवल्यावर ह. याकूब (अ.) यांनी सुंदर सब्राचा उच्चार केला. तेच याकूब (अ.) रडून रडून दृष्टी गमावतात, आपली तक्रार फक्त अल्लाहपाशी मांडतात आणि लगेच मुलांना बजावतात, की जा, यूसुफचा आणि त्याच्या भावाचा शोध घ्या, अल्लाहच्या कृपेबद्दल निराश होऊ नका. सब्र, अश्रू आणि शोध एकाच माणसात एकाच वेळी नांदतात. शोध थांबवणे म्हणजे सब्र, असे त्या सूरहमध्ये कोठेही नाही.

आईच्या त्या वाक्यानंतर मी त्यांच्यासोबत सरकारी रुग्णालयात गेलो. बालरोगतज्ज्ञांनी पहिला प्रश्न घशाविषयी केला. दुखणे सुरू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी मुलाचा घसा बसला होता, ताप होता; कोणी लक्ष दिले नव्हते. घशातील स्ट्रेप्टोकोकस जंतूशी लढणारी शरीराची शक्ती कधी कधी स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटते. त्याला रुमॅटिक ताप म्हणतात. तो मुख्यतः पाच ते पंधरा या वयात येतो. सूज एका सांध्यातून दुसऱ्यात फिरते आणि मागे काही न ठेवता निघून जाते, म्हणूनच फसवते. साध्या वेदनाशामक गोळीनेही ती झटकन ओसरते. हृदयाच्या झडपेला झालेली इजा मात्र राहू शकते, आणि प्रत्येक नव्या झटक्यासरशी वाढू शकते. या मुलाच्या इको तपासणीत एक झडप गळत असल्याचे दिसले. फुंकरीने उतरली असे मी समजत होतो, ती सूज उतरणारच होती.

प्रत्येक पायदुखी अशी नसते. रात्री दोन्ही पाय दुखतात, सूज नसते आणि सकाळी मूल धावू लागते, अशी दुखणी बहुधा वाढीच्या वयातली असतात. पण सूज, ताप, लंगडणे किंवा सकाळी सांधा आखडणे यांपैकी काही असेल, तर आधी डॉक्टर. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलसाठी रक्तही तपासून घ्यावे. मुलींच्या बाबतीत पुढे लग्नात अडचण नको म्हणून दुखणे लपवले जाते. त्याविषयी स्वतंत्रपणे लिहावे लागेल.

फुकहांनी उपचार सोडण्यास सरसकट गुनाह म्हटलेले नाही, हे मी जाणतो. फतावा आलमगिरीत हानी दूर करणाऱ्या साधनांचे तीन प्रकार आहेत : तहानेसाठी पाणी असते तसे खात्रीचे, रक्तमोक्षण, रेचक यांसारखे संभाव्य, आणि डाग देणे, मंत्रून फुंकणे यांसारखे केवळ आशेचे. खात्रीचे साधन सोडणे हराम. वैद्यकाला त्यांनी दुसऱ्या प्रकारात ठेवले, कारण त्या काळचे वैद्यक तसेच होते. दर 21 दिवसांनी दिलेले बेंझाथिन पेनिसिलिन या आजाराचे पुढचे झटके रोखते, हा आता अनेक दशकांचा अनुभव आहे. ते आज कोणत्या प्रकारात बसते, याचा विचार मुफ्तींनी करावा. मी फतवा देणारा नव्हे. एवढे मात्र दिसते, की मी पहिले आणि दुसरे साधन बाजूला सारून तिसऱ्यावर भिस्त ठेवली होती, तीही दुसऱ्याच्या मुलाच्या बाबतीत.

दम करणे मी सोडलेले नाही. ती सुन्नत आहे. फुंकर घालण्याआधी आता सूज कोठे आहे, घसा कधी दुखला होता, एवढे विचारतो. झडप गळत असल्याने त्या मुलाला साधारण पंचविशीपर्यंत, कदाचित पुढेही, ही सुई घ्यावी लागेल. ती फार दुखते. पहिल्या वर्षी तो बापाला चुकवून मशिदीच्या वजूखान्यात लपत असे. आता वजूखान्याशेजारच्या कॅलेंडरवर स्वतःच खुणा करतो. पुढची खूण येत्या गुरुवारी आहे. जोहर आटोपून मला त्याच्यासोबत जायचे आहे.