बुद्धीचे माप आणि मापणाराचा धर्म

वजनमापे देशभर एक होण्यापूर्वी गावोगावची पायली सारखी नसे. म्हणून शहाणा मनुष्य भाताचा भाव विचारण्याआधी पायली कोठली ते विचारीत असे. धान्याच्या बाबतीत आपले पूर्वज जी सावधगिरी बाळगीत, ती आपण मनुष्याची बुद्धि मापताना बाळगतो काय, हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

१९०५ साली पॅरिस येथे बिने व सिमाँ यांनी बुद्धिमापनाची आपली पहिली श्रेणी सिद्ध केली. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना ओळखून त्यांस निराळे साहाय्य द्यावे, हा तिचा हेतु होता. पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्कराने अशाच प्रकारच्या कसोट्या लाखो शिपायांवर चालविल्या. निरक्षरांसाठी व इंग्रजी न जाणणाऱ्यांसाठी चित्रांची कसोटी होती. चित्रात काय उणे आहे ते दाखवावयाचे. एका चित्रात टेनिसचे क्रीडांगण होते, पण जाळे नव्हते! ज्याने टेनिस जन्मात पाहिले नाही, त्याने काय दाखवावे? तथापि या आकड्यांच्या आधारे ब्रिगहॅम नामक पंडिताने १९२३ साली युरोपातील काही जनसमूह बुद्धीने हीन ठरविले. १९३० साली त्याने स्वतःच आपली अनुमाने मागे घेतली, ही गोष्ट त्याला भूषणावह होय. अक्षरे काढून टाकली म्हणजे कसोटी निःपक्षपाती होते हा समज मात्र तेव्हापासून लटका पडला आहे.

आपल्याकडे डॉ. वि. वि. कामत यांनी बिने यांच्या कसोट्या मराठी व कानडी मुलांसाठी नव्याने बसविल्या. त्यांचे हे संशोधन १९३४ साली प्रसिद्ध झाले आणि त्यावरील ग्रंथ १९४० साली निघाला. परक्या प्रश्नांचे केवळ भाषांतर पुरत नाही. ज्यांना मापावयाचे त्यांच्यातच माप पारखून घ्यावे लागते, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

आज हा प्रश्न मुलांपेक्षा वृद्धांच्या बाबतीत अधिक तीव्र झाला आहे. स्मृतिभ्रंशाची शंका आली म्हणजे जी कसोटी बहुधा पुढे केली जाते, ती १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. तिचे गुण ३०. आजची तारीख सांगा, शंभरातून सात-सात वजा करा, एक वाक्य लिहा, एकमेकांत गुंतलेले दोन पंचकोन पाहून काढा, असे तिचे स्वरूप आहे. आमच्या रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातील एखाद्या सत्तरी उलटलेल्या, शाळेची पायरी न चढलेल्या आजीपुढे हा कागद ठेवावा. तारखेऐवजी ती तिथि सांगेल, आणि पेन्सिल हाती कशी धरावी येथेच अडेल. तिचे गुण जातील. पण बुद्धि गेली असे म्हणता येईल काय? भरतीची वेळ काढण्यास तिथीची पाऊणपट करण्याचा हिशेब याच किनाऱ्यावरचा. चतुर्थीस तीनच्या सुमारास भरती, अष्टमीस सहाच्या. आम्ही शाळेत छडीच्या धाकाने घोकलेली पाऊणकी तेथे समुद्राने शिकविली आहे.

मग ही मापे समुद्रात टाकावीत काय? येथे आम्ही सहृदय वाचकांस थोडे थांबावयास सांगू. कसोटीच नाकारल्याने त्या आजीवर न्याय होत नाही. ती भाजीत दोनदा मीठ घालू लागली, रोजच्या बाजारातून घरची वाट चुकू लागली, तरी आपण ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून स्वस्थ बसतो. अडाणी आहे, वय झाले, असे म्हणणे वरून दयेचे दिसते. पण त्या दयेआड एक खरा रोग विनाउपचार वाढत असतो. निरोग्यास रोगी म्हणणे हा जसा अन्याय, तसाच रोग्याचा रोग न ओळखणे हाही अन्यायच. निरक्षर म्हणून चार गुण वाढवून देण्यानेही हे दोन्ही अन्याय टळत नाहीत.

उपाय कष्टाचा आहे, पण अशक्य नाही. हरियाणातील बल्लभगढ भागात निरक्षर वृद्धांसाठी याच कसोटीचे हिंदी रूप करण्यात आले. ते १९९५ साली प्रसिद्ध झाले. मूळ कसोटीत ‘डोळे मिटा’ हे शब्द वाचून तसे करावयाचे असते. त्याऐवजी परीक्षक स्वतः डोळे मिटतो व समोरच्याने अनुकरण करावयाचे. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काही सांगावयाचे. प्रश्नाचा हेतु तोच राहिला. फक्त शाळेची अट गळाली. याच्या जोडीला घरच्या माणसांस विचारावे, की गतवर्षी ही काय करीत असे आणि आज काय करू शकत नाही? कारण मनुष्याची सर्वांत न्याय्य तुलना त्याच्याच कालच्या स्वतःशी होते.

आमच्या मते येथील नैतिक तत्त्व हेच आहे. ज्या ज्ञानाची संधि मनुष्यास मिळालीच नाही, त्याच्या अभावावरून त्याच्या बुद्धीचा निवाडा करण्याचा अधिकार कोणास नाही. आणि ती संधि कोणती मिळाली हे शोधून काढण्याचा भार उत्तर देणारावर नसून विचारणारावर आहे. हा नियम वैद्यांपुरताच नव्हे. आपण सुशिक्षित माणसे घरच्या मोलकरणीस, खेड्यातून आलेल्या आप्तास, बँकेत अर्ज भरताना गोंधळणाऱ्या म्हाताऱ्यास मनातल्या मनात रोज गुण देत असतो. ते देण्यापूर्वी पायली कोठली, एवढे स्वतःस विचारले तरी पुष्कळ होईल.