रोसलची जोती

उत्तर स्कॉटलंडमधल्या सदरलंड परगण्यात नेव्हर नदीचं खोरं आहे. तिथली रोसल ही शेतकऱ्यांची वाडी 1814 ते 1818 या काळात रिकामी करण्यात आली. जमीन सदरलंडच्या काउंटेसची. तिच्या कारभाऱ्यांनी कुळांना समुद्रकाठच्या तुटपुंज्या तुकड्यांवर हलवलं आणि खोरं मेंढ्यांना मोकळं केलं.

या घटनेच्या दोन लेखी बाजू आहेत. इस्टेटीचा कारभारी जेम्स लॉक याने 1820 मध्ये पुस्तक लिहून सगळ्याचं समर्थन केलं. त्यात कुळांची घरं म्हणजे माणसं आणि गुरं एकत्र राहणाऱ्या घाणेरड्या झोपड्या. दुसरी बाजू डोनाल्ड मॅक्लाउडची. तो रोसलचाच, पेशाने गवंडी. 1819 साली एका रात्री टेकडीवरून आपण अडीचशे जळती घरं मोजली, असं त्याने लिहून ठेवलं. माझं मन अर्थातच गवंड्याकडे झुकतं. पण रोसलला जाऊन आल्यावर वाटू लागलं, की आगीच्या आधीची माणसं या दोन्ही लिखाणांत फारशी भेटत नाहीत. ती जमिनीत भेटतात.

1960 च्या दशकात इथे वनखात्याची लागवड होणार होती. त्याआधी, 1962 मध्ये, ग्लासगो विद्यापीठाचे होरेस फेअरहर्स्ट यांनी वाडीची पाहणी आणि उत्खनन केलं. सुमारे सत्तर बांधकामांच्या खुणा नोंदल्या गेल्या. वस्तू मात्र फार थोड्या हाती लागल्या. भांडीकुंडी बरीचशी लाकडाची, आणि आम्लधर्मी मातीत लाकूड-हाडं टिकत नाहीत. घरही तसंच. खाली दगडांचे थोडे थर, वर गवतासकट कापलेल्या मातीच्या ढेपांची भिंत. छपराचा भार भिंतीवर नसे. वाकड्या लाकडांच्या जोड्या तो पेलत. धुराने काळं झालेलं छप्पर उतरवलं, की त्याचं खत शेतात जाई. अशा घराचं दोनशे वर्षांनी काय उरणार?

उरलं ते जोतं, आणि ते नीट पाहावं. घर लांबट, उताराच्या दिशेने बांधलेलं. वरच्या अंगाला माणसं, खालच्या अंगाला गुरं, मधून चर काढलेला. शेणमूत खाली वाहून जाई, चुलीकडे येत नसे. हिवाळ्यात गुरांची ऊब घराला मिळे. लॉकला जी घाण दिसली, तिच्यामागे इतका विचार होता. मला हा चर कुठल्याही सोन्याच्या दागिन्यापेक्षा मोलाचा वाटतो. आसपास धान्य वाळवायच्या भट्ट्या आहेत. ओट आणि सातू दमट हवेत पिकवायचे, तर दळण्याआधी ते शेकावे लागत. वाडीभोवती बांध आहे. शेतातून वेचलेल्या दगडांचे ढीग तर जागोजाग. ते एका पिढीचं काम नव्हे. लोहयुगातलं एक भुयारही याच आवारात आहे, म्हणजे वस्ती इथे फार पूर्वीही होती.

छपराची लाकडं हा मुद्दा मनातून जात नाही. या उघड्या मुलखात लाकूड दुर्मीळ. घर सोडताना माणसं वासे बरोबर नेत, कारण त्यांच्यावरच नवं घर उभं राहायचं. ते जाळले म्हणजे परतीची वाट आणि पुढचा निवारा, दोन्ही गेलं. मेंढ्यांसाठी हे खोरं घेणारा पॅट्रिक सेलर अशाच जाळपोळीच्या आरोपावरून 1816 मध्ये इनव्हरनेसच्या न्यायालयात आरोपी म्हणून उभा राहिला आणि निर्दोष सुटला.

रोसलभोवती झाडं लावली गेली, वाडी मात्र मोकळी ठेवली. आता तिथे पायवाट आणि माहितीफलक आहेत. हे भाग्य प्रत्येक उठवलेल्या वाडीला मिळालेलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सर्वेक्षण नकाशांवर बिनछपराच्या घरांचे नुसते चौकोन पानोपानी दिसतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना कुदळ कधी लागलेलीच नाही. स्कॉटलंडमध्ये आज पुन्हा मोठ्या प्रमाणावर झाडं लावली जात आहेत. ती लावावीतच. पण रोपासाठी पहिला खड्डा खणण्याआधी त्या चौकोनांपाशी कुणीतरी मोजपट्टी घेऊन जायला हवं, आणि घराचा उतार कुठल्या बाजूला होता तेवढं तरी लिहून ठेवायला हवं.