‘लूट’ हा शब्द आणि कॅप्टन भाऊंची गोष्ट

धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना 14 एप्रिल 1944 रोजी शिंदखेडा तालुक्यातील चिमठाणे येथे भूमिगतांनी ताब्यात घेतला. रक्कम साडेपाच लाखांच्या घरातली होती. डॉ. उत्तमराव पाटील यांच्यासारखे खानदेशातील कार्यकर्ते आणि साताऱ्याच्या प्रतिसरकारातील जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी यांची मंडळी यांनी मिळून केलेली ही कृती. तिचे स्मरण अभिमानानेच केले जाते, आणि करताना शब्द योजला जातो तो ‘खजिना लूट’. त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. असा शब्द खटकला तो प्रतिसरकारच्याच एका वृद्ध सैनिकाला, आणि तोही चिमठाण्याच्या नव्हे, आदल्या वर्षीच्या तशाच एका कृतीच्या संदर्भात.

कुंडलचे रामचंद्र श्रीपती लाड, म्हणजेच तूफान सेनेचे ‘कॅप्टन भाऊ’. 7 जून 1943 रोजी शेणोली येथे पुणे-मिरज गाडी अडवून सरकारी नोकरांच्या पगाराची रक्कम नेणाऱ्या तुकडीचे ते एक म्होरके. 2016 साली पत्रकार पी. साईनाथ त्यांना भेटले तेव्हा त्यांचे वय 94 होते. रुळांवर दगड कसे रचले, गाडीला मागे सरकता येऊ नये म्हणून शेवटच्या डब्यामागेही ते कसे रचले, हाती कोयते, काठ्या आणि दोनतीन गावठी बाँब यांपलीकडे काही कसे नव्हते, हा सारा वृत्तान्त त्यांनी तपशिलाने सांगितला. मात्र गाडी ‘लुटली’ हे क्रियापद त्यांना मान्य नव्हते. जनतेकडून चोरलेला पैसा आम्ही परत आणला, अशी त्यांची भूमिका होती. फेब्रुवारी 2022 मध्ये, शंभरीला काही महिने उरले असताना, ते वारले. प्रश्न आता आपला आहे : त्यांची गोष्ट पुढे सांगताना क्रियापद कोणाचे वापरायचे?

प्रश्न शब्दच्छलाचा वाटेल, पण तसा तो नाही. एलिझाबेथ ॲन्स्कम यांनी 1957 मध्ये दाखवून दिले की कृती सहेतुक ठरते ती नेहमी एखाद्या वर्णनाखाली; तीच शारीरिक हालचाल एका वर्णनाखाली हेतूपूर्वक असते, दुसऱ्याखाली नसते. या अर्थाने शेणोलीची कृती 1943 मध्ये संपलीच नाही. ती काय होती हे सांगण्याचा हक्क जोवर वादग्रस्त आहे तोवर ती कृती चालूच आहे, आणि म्हाताऱ्याचे गोष्ट सांगणे हा तिचाच शेवटचा भाग आहे.

येथे मराठी भाषेची एक खोच लक्षात घ्यावी लागते. आपल्याकडे ‘लूट’ हा केवळ गुन्हेवाचक शब्द नाही. 1664 ची सुरतेची लूट आपण खाली मान घालून शिकवत नाही, दसऱ्याला सीमोल्लंघन करून आपण सोने लुटतो, आनंदही लुटतोच. चिमठाण्याच्या संदर्भात हा शब्द निःसंकोच वापरला जातो तो याच पुण्याईवर. म्हणजे भाषेने देऊ केलेला पराक्रमाचा मान कॅप्टन भाऊंनी नाकारला. साहसकथेच्या दृष्टीने हा तोट्याचा व्यवहार. लूट हा तर अशा कथेचा कळस. तो काढून घेतला तर दगड, कोयते, धावपळ हे सारे एका थकबाकीच्या वसुलीचे तपशील होऊन बसतात. वाल्टर बेंजामिनने 1936 च्या निबंधात कथेकऱ्याचे दोन पूर्वज सांगितले : दूरदेशीचा खलाशी आणि गावात राहिलेला शेतकरी. खलाशाला नवल हवे असते, शेतकऱ्याला बांध कोणाचा हे ठाऊक असते. कॅप्टन भाऊंच्या निवेदनात रंग खलाशाचा आहे, पण ऐन मोक्याच्या ठिकाणी बोलतो तो शेतकरी.

हे आत्मसमर्थन नव्हे काय? (समीक्षकांना हा शब्द फार लवकर सुचतो.) कोणताही दरोडेखोर म्हणेल की पैसा मुळात आमचाच होता. त्या दाव्याची परीक्षा मग दाव्याच्या बाहेर करावी लागते : पैसा गेला कोठे? प्रतिसरकारचा कारभार, त्याची न्यायदान मंडळे, गरजूंपर्यंत पोचलेली मदत यांकडे बोट दाखवता येते, म्हणूनच ‘परत आणणे’ या क्रियापदाला आधार आहे. दरोडेखोराच्या कथेला असा हिशेब जोडलेला नसतो. मला हे उत्तर पुरेसे वाटते, पण पूर्ण वाटत नाही.

कारण या गोष्टीत एक गार्ड आहे. त्याच्याजवळ बंदूक होती, पण तो इतका घाबरला की त्याला आवरणे अवघड गेले नाही. ऐकणारा येथे हसतो. कथेची रचनाच तशी आहे. त्या माणसाने नंतर ही गोष्ट कोणाला सांगितली असेल, तर ती आपल्यापर्यंत आलेली नाही. तूफान सेनेच्या माणसांना वार्धक्य लाभले, श्रोते लाभले, 2017 साली शेणोलीला सत्कारही झाला. कॅप्टन भाऊंचे क्रियापद मी स्वीकारतो आणि चिमठाण्याच्या कृतीलाही तेच लावावे असे म्हणतो. परंतु चिमठाण्याच्या वाटेवर खजिन्याबरोबर असलेल्या शिपायांनी घरी परतल्यावर, चुलीपुढे बसून, कोणते क्रियापद वापरले असेल?