निष्ठेची परीक्षा कुणी घ्यायची?

देवळी म्हटले की वऱ्हाडी माणसाला वर्ध्याजवळचे गाव आठवते. ही देवली राजस्थानातली. 1962 च्या चीन युद्धाच्या वेळी आसाम-बंगालकडच्या सुमारे 3,000 चिनी वंशाच्या माणसांना, लेकराबाळांसकट, उचलून इथल्या छावणीत डांबले गेले. आरोपपत्र नाही, खटला नाही. रफीक इलियास यांच्या ‘बियाँड बार्ब्ड वायर्स’ (2015) या माहितीपटात त्यांतले काही जण बोलतात. अमरावती-अकोल्याकडे हा विषय काढला, तर समोरचा रोखठोक विचारेल, “भाऊ, दुश्मन दाराशी आला होता. एकेकाची चौकशी करत बसाचं, का देश वाचवाचा?”

प्रश्न खोटा नाही. युद्धात सरकारला घाईने निर्णय घ्यावे लागतात, हेही मान्य. पण 20 ऑक्टोबरला पेटलेली लढाई 21 नोव्हेंबरच्या युद्धबंदीने थांबली. छावणी मात्र रिकामी झाली नाही. काहींची त्यानंतर वर्षे तिथेच गेली. कारण युद्धाचेच असते, तर कोठडीही युद्धाबरोबर संपायला हवी होती. संशय कृतीवर असला की चौकशीने तो फिटतो. इथे कृतीच सांगितलेली नव्हती; मग निर्दोषपणाचा पुरावा आणायचा तरी कशाचा?

“बरं, डांबलं ते चुकलं. पण आपली निष्ठा त्याईनं दाखवावी का नाही?” हा आक्षेप सौम्य वाटतो आणि म्हणूनच जास्त फसवा आहे. कबीर खान यांच्या ‘ट्यूबलाइट’मध्ये (2017) याच युद्धाच्या काळात चिनी वंशाच्या लहानग्याकडून ‘भारतमाता की जय’ वदवले जाते, आणि तो नायकाहून मोठ्याने ओरडतो. दिग्दर्शकाचा हेतू चांगला आहे. तरीही परीक्षा घेण्याचा हक्क शाबूत राहतो. पोरगा फक्त पास होतो. भीतीने ज्याचा आवाजच फुटला नसता, त्याचे काय? इलियास ही परीक्षाच घेत नाहीत. त्यांचा माहितीपट मला थोर वाटतो तो यासाठी.

“याच्याशी आपल्या वऱ्हाडाचं काय घेणंदेणं?” फासेपारध्यांच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, जाऊन हे विचारावे. जन्मावरून गुन्हेगार ठरवणारा 1871 चा कायदा 1952 मध्ये रद्द झाला, तरी चोरी झाली की संशय आधी बेड्याकडेच वळतो. तिथे तर युद्धाचीही सबब नाही.

देवलीसारखेच युद्धाच्या सबबीवर जपानी वंशाच्या नागरिकांना डांबल्याबद्दल अमेरिकेने 1988 मध्ये कायदा करून माफी मागितली, हयात असलेल्या प्रत्येकाला 20,000 डॉलर दिले. देवलीच्या कैद्यांची भारत सरकारने अजून माफी मागितलेली नाही. ती मागितली पाहिजे, आणि ती ऐकायला त्यांच्यातले कुणी हयात आहेत तोवरच.